विभागातला आगमनकाळ : चार रविवार कसे घ्यायचे

पॅरिशमध्ये, म्हणजे एका कॅथलिक चर्चच्या हद्दीत, विभागाचं (एका वस्तीतल्या ख्रिस्ती कुटुंबांच्या गटाचं) काम ज्यांच्या अंगावर नव्यानं आलंय, त्यांच्यासाठी लिहितेय. पुण्यात येरवड्याकडच्या एका विभागाचं काम मी बरीच वर्षं पाहते. आमच्यातली बहुतेक कुटुंबं मूळची नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातली, राहाता-संगमनेर-श्रीरामपूरकडची, मराठी मिस्साला (चर्चमधल्या मुख्य उपासनेला) येणारी. आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या आधीचे चार रविवार, ही नुसती नाताळची खरेदी असं एकदा ठरलं की डिसेंबर चांदण्या, केक आणि कॅरलच्या कपड्यांत निघून जातो आणि पंचवीस तारखेला माणसं दमून बसतात. माझं सांगणं एकच आहे. ज्या घरी वर्षभर विभागातलं कुणी गेलं नाही, त्या घरी या चार आठवड्यांत जायचं. बाकीचे कार्यक्रम त्याच्या आजूबाजूनं बसवायचे.

आधी तारखा लावून घ्या. ३० नोव्हेंबरला संत आंद्रियाचा सण असतो. त्याच्या सगळ्यात जवळचा रविवार तो आगमनकाळाचा पहिला. २०२६ मध्ये २९ नोव्हेंबर, मग ६, १३ आणि २० डिसेंबर. पहिल्या रविवारी चर्चचं नवं उपासनावर्ष लागतं आणि यावेळी रविवारी मुख्यतः मार्कचं शुभवर्तमान वाचलं जाईल. तारखा मांडताना शेजाऱ्यांचं कॅलेंडरही समोर ठेवा. ६ डिसेंबर महापरिनिर्वाण दिन आहे. आमच्या वस्तीतली कितीतरी घरं त्या दिवशी चैत्यभूमीला जातात किंवा पुतळ्यापाशी अभिवादनाला उभी असतात. त्या संध्याकाळी ढोलकी काढून कॅरलची तालीम घ्यायची नाही. दत्तजयंतीही २०२६ मध्ये नाताळच्या तोंडावरच येते, तेव्हा मंदिराच्या मंडळींशी आधीच बोलून कुणाचा स्पीकर कधी हे ठरवून टाका.

आता रीथ, म्हणजे चार मेणबत्त्यांचं हिरव्या फांद्यांचं कडं. जांभळ्या तीन मेणबत्त्या आणि गुलाबी एक. गुलाबी तिसऱ्या रविवारी, आनंदाच्या रविवारी लावायची. ही चाल आपल्याकडे प्रॉटेस्टंट बांधवांकडून आली. हॅम्बुर्गमध्ये योहान विखर्न नावाच्या पाळकांनी १८३९ मध्ये गरीब मुलांच्या आश्रमात एका मोठ्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, नाताळला किती दिवस उरले ते मुलांना दिसावं म्हणून. म्हणून गल्लीतल्या सीएनआयच्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रॉटेस्टंट चर्चच्या) कुटुंबांनाही मी रीथच्या प्रार्थनेला आग्रहानं बोलावते. विकतची रीथ घ्यायची गरज नाही. जुन्या चाळणीचं कडं घ्या, त्यावर मोरपंखीच्या फांद्या सुतळीनं बांधा. मोरपंखी बहुतेक सोसायट्यांच्या बागेत असते, माळीकाकांना विचारलं तर छाटलेल्या फांद्या देतात. दिवाळीच्या चार पणत्यांत ओली माती भरून त्यात मेणबत्त्या रोवल्या की कलत नाहीत. जांभळ्या मिळाल्या नाहीत तर पांढऱ्यांना जांभळी फीत बांधा, पण ज्योतीपासून चांगली खाली. फांद्या आठवड्यात वाळतात आणि वाळलेली मोरपंखी भुरकन पेटते, तेव्हा दर रविवारी ताज्या घाला आणि प्रार्थना संपली की मेणबत्ती विझवा.

विभागाची प्रार्थना आठवड्यातून एकदा, दर वेळी वेगळ्या घरी. वेळ रात्री आठची, कारण कामावरून येणाऱ्या बायका त्याआधी मोकळ्या होत नाहीत. आणि आठ म्हणजे आठ. घरातल्या सगळ्यात लहान मुलानं मेणबत्ती लावायची. एक गाणं. मग येत्या रविवारचं शुभवर्तमान दोनदा वाचायचं, दोन वेगळ्या माणसांनी. थोडा वेळ कुणीच बोलायचं नाही. मग ज्याला जी ओळ लागली ती त्यानं सांगायची. इथं प्रवचन होऊ द्यायचं नाही, विभागप्रमुखाचं तर मुळीच नाही. ज्या आजींना वाचता येत नाही त्यांना प्रार्थना सांगायला लावा. त्यांच्या तोंडची साधी प्रार्थना ऐकून तरुण पोरंही मोबाइल खाली ठेवतात. शेवटी या आठवड्यात कोण कुणाकडे जाणार हे नावानिशी ठरवायचं, ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ म्हणायचं आणि उठायचं. पाऊण तासात सगळं होतं.

आणि फक्त चहा. हे मी ठासून सांगते. आमच्या विभागात एक ताई प्रार्थना घरी घ्यायची वेळ आली की ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणायच्या. एक खोली, पोटमाळ्यावर मुलांची दप्तरं, नवरा रात्रपाळीला. जागेची अडचण असेल असं सगळे धरून चालले होते. मी एकदा सहज त्यांच्याकडे बसले तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, ‘बाई, मागच्या घरी इडली-चटणी झाली, त्याच्या आधी पॅटीस. आमच्याकडं काय ठेवू?’ त्या रविवारीच मिस्सानंतर सगळ्यांना सांगितलं : यापुढे कुणाच्याही घरी नुसता चहा, बंगला असो की खोली. पुढची प्रार्थना त्यांच्याच खोलीत झाली. निम्मी माणसं दाराबाहेर पायऱ्यांवर बसली आणि शेजारच्या मावशी कप घेऊन आल्या. तेव्हापासून चार घरं ठरवताना मी मोठा हॉल शोधत नाही.

घरांची यादी पहिल्या रविवारच्या आधी हवी. अंथरुणाला खिळलेले, नुकतं कुणी गेलेलं घर, आपसातल्या भांडणानं चर्चला यायचं थांबलेले, गावाकडून नर्सिंगला आलेल्या होस्टेलवरच्या मुली, रविवारीही ड्युटी असणारे सिक्युरिटीवाले. आजाऱ्यांची नावं पत्त्यासह फादरांना लेखी द्या, म्हणजे ते पापनिवेदन ऐकायला आणि ख्रिस्तप्रसाद (मिस्सातली पवित्र भाकर) घेऊन घरी येऊ शकतात. तोंडी सांगितलेलं डिसेंबरच्या गडबडीत राहून जातं. भेटीला दोघांनी जायचं, पाऊण डझन केळी नेली तरी पुरे, आणि बोलण्यापेक्षा ऐकायचं. भांडणाच्या घरी ‘चर्चला का येत नाही’ हा प्रश्न पहिल्या भेटीत काढू नका.

८ डिसेंबरला निष्कलंक मातेचा, म्हणजे मरियेचा, सण. नाना पेठेतलं सिटी चर्च याच मातेचं. सवाई माधवरावांनी दिलेल्या जागेवर १७९२ मध्ये ते उभं राहिलं, पेशव्यांच्या फौजेतल्या ख्रिस्ती लोकांसाठी. शक्य असेल तर मुलांना तिथे न्या. आपण या शहरात किती जुने आहोत हे त्यांना एरवी कुणी सांगत नाही.

पापनिवेदनासाठी आसपासच्या पॅरिशचे फादर एका संध्याकाळी एकत्र बसतात. विभागानं त्या दिवशी दुसरं काही ठेवू नये. कॅरल सोळा-सतरा तारखेनंतर. मराठी गाणी, पेटी, ढोलकी, टाळ एवढंच. रात्री दहाला स्पीकर बंद, तो कायदाच आहे. सोसायटीत जायचं तर सेक्रेटरींना आधी चिठ्ठी द्या आणि रस्त्यावरच्या पहिल्या खोलीपासून सुरुवात करा, नाहीतर तिथे पोचेपर्यंत मुलं पेंगतात.

गव्हाणीसाठी, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यासाठी, गहू तिसऱ्या रविवारच्या आत पेरा. रात्रभर भिजवलेले गहू उथळ थाळीत मातीवर पसरायचे, वर मातीचा पातळ थर. दोन दिवस ओलं फडकं झाकायचं, मग उजेडात ठेवायचं आणि रोज पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही. पुण्यात डिसेंबरच्या थंडीत कोंब सावकाश वर येतात, म्हणून तीन-चार दिवस हातचे ठेवा. पेंढा कसब्यातल्या कुंभारवाड्यात विचारून पाहा. बाळ येशूची मूर्ती मात्र चोवीसच्या रात्रीपर्यंत गव्हाणीत ठेवायची नाही. आगमनकाळातल्या रविवारी मिस्साला ‘ग्लोरिया’ हे स्तुतिगीत म्हणत नाहीत तेही याचसाठी. तो त्या रात्री पुन्हा घंटांबरोबर उठला पाहिजे.

फराळ, म्हणजे करंज्या, शंकरपाळे, चकल्या, चर्चच्या आवारात सगळ्यांनी मिळून करा आणि यादीतल्या घरांचे डबे आधी भरा. जमाखर्च वहीत लिहून फादरांकडे द्या.

राहिली चोवीसची रात्र. मिस्सा सुटल्यावर बस मिळत नाही आणि रिक्षावाले वाट्टेल ते मागतात. कोणत्या आजी-आजोबांना कुणाच्या गाडीवर आणायचं आणि परत कोण सोडणार, हे वीस तारखेच्या प्रार्थनेतच नावं घेऊन ठरवा आणि तेवीसला प्रत्येकाला एक फोन करा.