आधी मशीद बंदर, मग काळा घोडा

शनिवारी जाऊ नका. मुंबईतला ज्यूंचा वारसा पायी बघायचा असेल तर पहिला नियम हाच, आणि तो मी पैसे घालवून शिकले. पहिल्या खेपेला ज्या गाइडबरोबर गेलो त्यानं शनिवारचीच वेळ दिली होती. भायखळ्याला सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या, फाटकाबाहेर आम्ही अकरा जण उन्हात उभे, आत शब्बाथ चाललेला, आणि हा गृहस्थ गजांमधून घड्याळाचा मनोरा दाखवतोय! शब्बाथ म्हणजे त्यांचा आठवड्याचा विश्रांतीचा पवित्र दिवस, तो शुक्रवारी सूर्यास्ताला लागतो आणि शनिवारी आकाशात तारे दिसले की सुटतो. तेवढा वेळ सिनेगॉग प्रार्थनेला येणाऱ्यांचं. शुक्रवारी दुपारनंतर आत तयारीची गडबड असते, तेव्हाही नको. सप्टेंबर-ऑक्टोबरात त्यांचे मोठे सण ओळीनं येतात, तेव्हा आधी विचारल्याशिवाय घराबाहेर पडू नका.

रविवार सकाळ उत्तम. मशीद बंदरजवळच्या मांडवीचा घाऊक बाजार थंड असतो, हातगाड्या नसतात, मान वर करून जुनी घरं निवांत बघता येतात. इतर दिवशी मान वर केलीत तर मागून 'ओ बाजू, बाजू' ऐकू येईपर्यंत पोतं खांद्याला लागलेलं असतं.

त्या शनिवारनंतर मी चार-पाच वेळा हा फेरा केला. कधी गाइडबरोबर, तर कधी पुण्याहून आलेल्या नणंदेला आणि भाच्यांना घेऊन मीच पुढे. तरी पहिल्यांदा जाणाऱ्यानं गाइड घ्यावाच. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात कुलाब्याचं ज्यूंचं केंद्र, नरिमन हाऊस, लक्ष्य झालं होतं. तेव्हापासून प्रत्येक सिनेगॉगच्या दारात पहारा आहे आणि 'सहज आलो होतो' म्हणणाऱ्याला आत घेत नाहीत. चांगला गाइड परवानगी आधी काढून ठेवतो. पैसे देण्याआधी त्याला तीन गोष्टी विचारा. कोणकोणत्या सिनेगॉगांत आत जायला मिळेल आणि कोणती नुसती बाहेरून बघायची? मांडवीला जाणार, की काळ्या घोड्यावरच आटोपणार? आणि तिसरा प्रश्न परीक्षेचा: मशीद स्टेशनला मशीद का म्हणतात? उत्तर आलं नाही तर दुसरा गाइड बघा.

बहुतेक फेऱ्या काळ्या घोड्यापासून सुरू होतात. तिथलं निळं-पांढरं सिनेगॉग फोटोत देखणं येतं, आजूबाजूला कॉफीची दुकानं आहेत, परदेशी पाहुण्यांना सोयीचं पडतं. तुम्ही मराठी वाचताय ना, मग उलटे जा. काळ्या घोड्याला दिसतं ते बगदादहून आलेल्या श्रीमंत ज्यूंचं वैभव. मांडवीत दिसतो तो बेने इस्रायल समाज, ज्याची घरची बोली मराठी, आडनावं दिवेकर, केहीमकर, पेणकर, चौलकर, अष्टमकर. परदेशी पाहुण्याला इथे दुभाष्या लागतो, आपल्याला नाही. हा एवढा मोठा फायदा हातात असताना फेरीची सुरुवात कॉफीच्या दुकानापासून कशाला?

मशीद स्टेशनला पश्चिमेकडे उतरा आणि सॅम्युअल स्ट्रीट विचारा. शार हारहमीम, म्हणजे 'दयेचं दार', हे सिनेगॉग दुकानांच्या ओळीत इतकं मिसळून गेलंय की मी दुसऱ्या खेपेलासुद्धा पुढे निघून गेले होते. मुंबईतलं हे पहिलं सिनेगॉग १७९६ सालचं. आताच्या जागी ते १८६० मध्ये आलं. बेने इस्रायली लोक आपल्या प्रार्थनास्थळाला मशीदच म्हणत, म्हणून ही 'जुनी मशीद', आणि स्टेशनचं नाव हिच्यावरून पडलं असं सांगतात. जवळच तांतणपुऱ्यात १८४० ची 'नवी मशीद' आहे.

जुनी मशीद बांधली ती सॅम्युअल इझिकेल दिवेकर यांनी. मराठी नाव सामाजी हसाजी दिवेकर. ते इंग्रजांच्या फौजेत होते आणि म्हैसूरच्या लढाईत टिपूच्या कैदेत सापडले. पुढची गोष्ट समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. कैद्यांना मारायची वेळ आली तेव्हा त्यांनी आपली जात 'बेने इस्रायल' सांगितली. टिपूच्या आईनं ते ऐकलं. कुराणात ज्यांचा उल्लेख आहे ते लोक आपल्या राज्यात प्रत्यक्ष आहेत म्हटल्यावर तिनं त्यांचे प्राण वाचवले. सुटून आल्यावर दिवेकरांनी सिनेगॉग उभारलं, आणि तोराच्या, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथाच्या, गुंडाळ्या आणायला कोचीला गेले असताना १७९७ मध्ये तिथेच वारले. गाइडनं ही गोष्ट घाईत उरकली तर त्याला थांबवा. या फेरीतली सगळ्यात चांगली गोष्ट हीच आहे.

आत गेल्यावर बघायचं काय? पश्चिमेची भिंत. तिथल्या कपाटाला हेखाल म्हणतात, त्यात तोराच्या गुंडाळ्या असतात. जेरुसलेम आपल्याकडून पश्चिमेला, म्हणून तोंड तिकडे. मधोमध कठड्याचा चौथरा असतो तो तेबा, त्यावर उभं राहून वाचन होतं. वर सज्जा बायकांचा. सतत तेवणारा दिवा शोधा. आणि दाराच्या चौकटीवर उजव्या हाताला तिरकी बसवलेली छोटी नळी दिसेल, ती मेझुझा. येता-जाता तिला बोटं लावून ओठांना लावतात. माझ्या शाळेतल्या मैत्रिणीच्या घरी ती होती. मला वाटायचं दारावरची बेल आहे, आणि एकदा मी ती दाबूनही पाहिली होती.

राखणदारांशी मराठीत बोला. मी पहिल्यांदा गाइडच्या इंग्रजीला माना डोलावत मागे उभी होते. मग तिथल्या वयस्कर गृहस्थांना सहज विचारलं, 'काका, तुम्ही मूळचे कुठले?' त्यांनी गाव सांगितलं ते अलिबागकडचं, माझ्या माहेरापासून दोन कोसांवरचं. त्यानंतर गाइड बाजूला राहिला आणि आमच्या वालाच्या बिरड्यावर गप्पा सुरू झाल्या. तेव्हा कळलं की जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या दुःखाच्या दिवशी यांच्याकडे बिरडं करतात आणि त्या दिवसाला म्हणतातच 'बिरड्याचा सण'. नवं वर्ष म्हणजे 'नव्याचा सण'. पुरीम होळीच्या सुमारास येतो, म्हणून 'होळीचा सण'. योम किप्पूरला दिवसभर दारं लावून उपास करतात, तो 'दारफळणीचा सण', आणि दुसऱ्या दिवशीचा 'शिळा सण'. ही नावं इंग्रजी फेरीत सांगत नाहीत, तुम्हीच विचारायची. नव्याच्या सणाला नारळाच्या दुधातला गव्हाच्या चिकाचा हलवा कसा घोटतात तेही विचारा. मांसाबरोबर दूध चालत नाही, म्हणून यांच्या रश्शात नारळाचं दूध, हे लक्षात आलं की कोकणातलं स्वयंपाकघर तुम्हाला आणखी एका बाजूनं समजतं.

एक मात्र सांभाळा. 'मग तुम्ही इस्रायलला का नाही गेलात?' हा प्रश्न विचारू नका. १९४८ नंतर बहुतेक घरं गेली हे त्यांना ठाऊक आहे. आल्या-गेल्यानं राहिलेल्यांकडे खुलासा मागायचं कारण नाही. राजकारणाचंही तेच.

कपड्यांबद्दल थोडक्यात. खांदे-गुडघे झाकलेले असावेत. पुरुषांनी डोकं झाकायचं. दारात टोपी मिळते, नाहीतर स्वच्छ रुमाल चालतो. चपला सहसा काढाव्या लागत नाहीत, तरी सवयीनं आपला हात पायाकडे जातोच. ओळखपत्र अस्सल हवं, मोबाइलमधला फोटो चालेलच असं नाही. पाठीवरची मोठी बॅग घरी ठेवा. कॅमेरा काढण्याआधी विचारा.

मशीदहून धीमी लोकल घ्या, दुसरं स्टेशन भायखळा. पश्चिमेला मागेन डेव्हिड सिनेगॉग, १८६१ सालचं, डेव्हिड ससून यांनी बांधलेलं. उंच मनोरा, त्यावर घड्याळ, लांबून चर्चच वाटावं. ससून बगदादच्या दाऊद पाशाच्या जाचाला कंटाळून निघाले आणि १८३० च्या दशकात मुंबईला आले. कापूस आणि अफूच्या व्यापारात अमाप पैसा केला. गाइड 'दानशूर' म्हणतो ते खरं आहे, पण अफूचं नाव त्याच्या तोंडून येतं का ते बघा. नाही आलं तर तुम्ही काढा. आणखी एक गोष्ट तो टाळेल: बगदादी ज्यूंना मराठी बोलणारे हे काळेसावळे बेने इस्रायली फारसे बरोबरीचे वाटत नसत, स्मशानभूमीत मध्ये भिंत घालावी इथवर मजल गेली होती. सिनेगॉगच्या आवारात ससून घराण्याच्या नावाच्या शाळा आहेत आणि तिथे शिकणारी बहुतेक मुलं मुसलमान आहेत. रविवार सोडून इतर दिवशी शाळा सुटायच्या वेळी तिथे असाल तर थोडं थांबून बघा.

मग पूल ओलांडून पूर्वेला राणीच्या बागेत जा. (बुधवारी बाग बंद असते.) मूळचा काळा घोडा इथे आहे, काळ्या घोड्याला नाही! घोड्यावर बसलेल्या सातव्या एडवर्डचा तो पुतळा डेव्हिडचा मुलगा अल्बर्ट ससूननं शहराला दिला होता, १९६५ मध्ये तो इथे हलवला. काळ्या घोड्याला आता आहे तो २०१७ साली बसवलेला, स्वार नसलेला नवा घोडा. माझे भाचे यावर इतके हसले की पुढचं अर्धं बोलणं वाया गेलं. बागेच्या दाराशी ससूनच्या नावाचा घड्याळाचा मनोरा आहे, आणि जवळचं मसिना हॉस्पिटल म्हणजे ससूनांचा बंगला होता. पाय चालत असतील तर माझगावची एली कदूरी शाळा बाहेरून बघून या. १८७५ मध्ये हाईम सॅम्युअल केहीमकर यांनी बेने इस्रायली मुलांसाठी काढलेली ही शाळा, मराठी माध्यमाची.

इथे जेवून घ्या. उपाशीपोटी फोर्टला गेलात तर सिनेगॉगपेक्षा उपाहारगृहांच्या पाट्याच जास्त दिसतील.

फोर्टमधलं केनेसेथ एलियाहू, म्हणजेच काळ्या घोड्याचं ते निळं-पांढरं सिनेगॉग, १८८४ चं. डेव्हिड ससूनचा नातू जेकब यानं वडील एलियास यांच्या स्मरणार्थ बांधलं. आमच्या लहानपणी ते आभाळी निळं होतं. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी २०१९ मध्ये त्याची डागडुजी पुरी केली तेव्हा जुना पांढरा आणि गडद निळा रंग परत आला. मला आधी तो परका वाटला, आता आवडतो. प्रार्थनेचं दालन जिना चढून वर आहे. दुपारी उन्ह उतरताना रंगीत काचांमधून फरशीवर पडतं, म्हणून हा टप्पा शेवटी ठेवला. मग दोन मिनिटांवर डेव्हिड ससून ग्रंथालय, १८७० चं, मालाडच्या दगडातलं. आत ससूनचा संगमरवरी पुतळा आहे, अंगात बगदादी पायघोळ.

सगळं मिळून पाच-सहा तास लागतात. म्हातारी माणसं बरोबर असतील तर दोन रविवार करा, एकदा मांडवी-भायखळा, एकदा फोर्ट.

आणि तिसरा रविवार मोकळा असेल तर अलिबाग. गेटवेवरून लाँचनं मांडव्याला उतरून नौगावला जाता येतं. जहाज फुटल्यावर वाचलेली सात जोडपी तिथे किनाऱ्याला लागली असं बेने इस्रायली मानतात. बुडालेल्यांना तिथेच पुरलं, त्याचं स्मारक आहे. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गावकऱ्यांनी यांना 'शनवार तेली' म्हटलं. पावसाळ्यात लाँच बंद असते, तेव्हा एसटीनं पेणवरून जावं लागतं. मला तोच रस्ता जास्त आवडतो. खिडकीशी जागा धरा आणि गावांच्या पाट्या वाचत जा. पेण, पोयनाड, पेझारी. प्रत्येकीपुढे नुसतं 'कर' लावत चला.