अमेरिकी वाहन कामगारांच्या पगाराविषयीचा दावा कसा तपासावा

‘पगार इतके वाढवून घेतले की कारखानाच बुडाला’ हे वाक्य पिंपरी-चिंचवडपासून अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील वाहननगरी डेट्रॉइटपर्यंत कुठेही ऐकू येते आणि बहुतेक वेळा त्याच्या जोडीला एखादा आकडा असतो. अमेरिकेत २००८ च्या अखेरीस हा आकडा होता ताशी ७० डॉलर. जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लर या तीन कंपन्या त्या नोव्हेंबरात सरकारी मदत मागायला वॉशिंग्टनला गेल्या, तेव्हा त्यांच्या कामगारांना तासाला ७० ते ७५ डॉलर मिळतात असे वृत्तवाहिन्यांवर आणि संसदेच्या चर्चेत वारंवार सांगितले गेले. ज्यांना स्वतःला तासाला १५ किंवा २० डॉलर मिळत होते, त्या लाखो लोकांनी हा आकडा ऐकला आणि त्यांचे मत तिथेच ठरले. एका चुकीच्या वाचलेल्या आकड्याने कष्टकऱ्यांना एकमेकांविरुद्ध उभे केले, हे मला आजही अस्वस्थ करते. म्हणून असा दावा समोर आला की तो कोणत्या क्रमाने तपासावा, हे त्याच उदाहरणाच्या आधारे पुढे मांडले आहे.

आकडा प्रथम उघडून पाहावा

पगाराचा कोणताही मोठा आकडा दिसला की तो कामगाराच्या हातात पडणारी रक्कम आहे की कंपनीचा एकूण खर्च, हे आधी विचारावे. आपल्याकडे नोकरी करणाऱ्या प्रत्येकाला सीटीसी आणि हातात येणारा पगार यांतला फरक ठाऊक असतो. ताशी ७० डॉलर हा आकडा सीटीसीच्याही पलीकडचा होता. त्या काळी डेट्रॉइटमधील जुन्या, कायम कामगाराचा मूळ दर ताशी सुमारे २८ डॉलर होता. त्यात ओव्हरटाइम, पाळीचा भत्ता आणि भरपगारी रजा मिळवली की रक्कम ४० च्या आसपास जाई. आरोग्यविमा, निवृत्तिवेतनासाठीची तरतूद आणि इतर लाभ यांचे सुमारे १५ डॉलर होत. उरलेले साधारण १५ डॉलर त्या कामगाराचे नव्हतेच. कंपनीतून पूर्वीच निवृत्त झालेल्यांच्या निवृत्तिवेतनावर आणि औषधोपचारांवर होणारा तो खर्च होता आणि हिशेबाच्या सोयीसाठी तो आज काम करणाऱ्यांच्या तासांवर वाटून टाकलेला होता.

इथे थांबून भागाकार नीट समजून घ्यावा, कारण सगळा घोटाळा त्यातच आहे. समजा, एका कारखान्यात १,००० कामगार आहेत, प्रत्येक जण वर्षाला २,००० तास काम करतो आणि जुन्या निवृत्तांवर कंपनी वर्षाला १ कोटी डॉलर खर्च करते. एकूण तास झाले २० लाख, म्हणून निवृत्तांचा भार तासाला ५ डॉलर. आता कामगारकपात होऊन ४०० जण उरले, तर तास होतात ८ लाख आणि तोच भार दिसतो तासाला साडेबारा डॉलर. कोणाच्याही पगारात एका सेंटचीही वाढ झालेली नाही, तरी ‘ताशी मजुरी’ साडेसात डॉलरने वाढली. जनरल मोटर्समध्ये नेमके हेच मोठ्या प्रमाणावर घडले. १९७९ मध्ये अमेरिकेत या कंपनीचे ६ लाखांहून अधिक नोकर होते, २००८ च्या अखेरीस ती संख्या एक लाखाच्या आत आली होती, आणि आधीच्या पिढ्यांना दिलेली निवृत्तिवेतनाची वचने मात्र कायम होती. ज्यांच्या नोकऱ्या गेल्या नव्हत्या, त्यांच्या नावावर गेलेल्यांचा खर्च मांडला गेला.

ही वचने कशी आली, हेही माहीत असावे. १९५० साली जनरल मोटर्स आणि युनायटेड ऑटो वर्कर्स ही कामगार संघटना यांच्यात पाच वर्षांचा करार झाला, जो ‘डेट्रॉइटचा तह’ म्हणून ओळखला जातो. संघटनेचे नेते वॉल्टर रॉयथर यांना आरोग्यसेवा आणि निवृत्तिवेतन सगळ्या देशासाठी सरकारी पातळीवर हवे होते. ते मिळाले नाही, म्हणून ते कंपनीकडून घेतले गेले. कंपनीलाही ते सोयीचे होते, कारण निवृत्तिवेतनाचे ओझे त्या दिवशी नव्हे, पुढे कधीतरी पडणार होते. टोयोटाने केंटकीतील जॉर्जटाउनला उत्पादन सुरू केले ते १९८८ मध्ये. तिथे निवृत्त झालेले जवळपास कोणीच नव्हते, त्यामुळे अशा कारखान्यांचा तासाचा खर्च ४५ ते ५० डॉलरच दिसे आणि तुलना तेवढ्यावरच होई.

आकड्याची तारीखही पाहावी. २००७ च्या करारात संघटनेने निवृत्तांच्या आरोग्यखर्चाची जबाबदारी कंपन्यांकडून काढून एका स्वतंत्र विश्वस्त निधीकडे देण्याचे मान्य केले होते आणि २०१० पासून तसे होणार होते. म्हणजे २००८ मध्ये ज्या भाराबद्दल ओरड चालली होती, त्याचा मोठा भाग उतरवण्याचा निर्णय कामगारांनी वर्षभर आधीच घेतला होता.

रुपयांत गुणाकार करू नये

मराठी वाचकाची सहज प्रवृत्ती डॉलरला रुपयांच्या दराने गुणून थक्क होण्याची असते. त्या गुणाकारातून काहीही कळत नाही, कारण तो कामगार घरभाडे, विमा आणि मुलांचे कॉलेज यांचा खर्च मिशिगनच्या भावाने करतो, आपल्या भावाने नव्हे. त्याऐवजी ताशी दराला २,०८० ने गुणावे. आठवड्याला ४० तासांप्रमाणे वर्षाचे तेवढे तास होतात. २८ डॉलरचे होतात ५८,२४० डॉलर, तेही कर कापण्यापूर्वी आणि कारखाना वर्षभर चालू राहिला तर. २००७ मध्ये अमेरिकी कुटुंबाचे मध्यक उत्पन्न (निम्मी कुटुंबे ज्याच्या वर आणि निम्मी खाली) सुमारे ५० हजार डॉलर होते. ५८ हजारांचा कामगार मध्यमवर्गात नीट बसतो, त्याच्या वर जात नाही.

कोणत्या कामगाराचा पगार, हे विचारावे

आपल्याकडील औद्योगिक वसाहतींत कायम, ट्रेनी आणि कंत्राटी असे तीन कामगार एकाच लाइनवर शेजारी उभे असतात आणि त्यांच्या पगारात जमीन-अस्मानाचा फरक असतो. डेट्रॉइटमध्ये २००७ च्या कराराने असाच भेद आणला: नव्याने लागणाऱ्या अनेकांना ताशी सुमारे १४ डॉलर, म्हणजे शेजाऱ्याच्या निम्मे. त्यानंतर तात्पुरत्या कामगारांची वेगळी श्रेणी फुगत गेली. २०२३ च्या संपापर्यंत वरचा दर ३२ डॉलर, सुरुवातीचा सुमारे १८ आणि वरच्या दरापर्यंत पोहोचायला आठ वर्षे, अशी स्थिती होती. म्हणून ‘वाहन कामगार ३२ डॉलर कमावतो’ असे कोणी म्हटले, तर त्यातले किती जण खरोखर तिथवर पोहोचले आहेत, हा प्रश्न विचारल्याखेरीज पुढे जाऊ नये.

महागाई काढून पाहावी

ही पायरी सर्वाधिक वगळली जाते आणि तिचाच परिणाम सर्वांत मोठा असतो. अमेरिकी कामगार विभागाच्या सांख्यिकी कार्यालयाच्या संकेतस्थळावर ग्राहक किंमत निर्देशांकाचा गणक विनामूल्य उपलब्ध आहे. त्यात रक्कम आणि दोन वर्षे भरली की उत्तर मिळते. २००७ चे २८ डॉलर २०२३ च्या किमतींत सुमारे ४१ डॉलर होतात. प्रत्यक्षात वरच्या श्रेणीतील कामगाराला २०२३ मध्ये मिळत होते ३२. म्हणजे ज्याचा पगार ‘वाढत’ गेला, त्याच्या मजुरीची खरेदीशक्ती सोळा वर्षांत पाचव्या हिश्शाहून अधिक घटली होती. याचे एक मोठे कारण असे, की जनरल मोटर्सच्या करारात १९४८ साली प्रथम आलेला महागाई भत्ता कंपनीच्या दिवाळखोरीच्या वर्षी, २००९ मध्ये, सोडून द्यावा लागला.

यानंतर २०२३ च्या कराराची बातमी पुन्हा वाचावी. सप्टेंबरच्या मध्यापासून सुमारे सहा आठवडे तिन्ही कंपन्यांतील निवडक कारखान्यांत संप झाला आणि शॉन फेन यांच्या नेतृत्वाखालील संघटनेने सुमारे साडेचार वर्षांत २५ टक्के वाढ मिळवली. ‘२५ टक्के’ हा मथळा डोळ्यांत भरतो. पण ३२ वर २५ टक्के म्हणजे ४०. पुन्हा मिळालेला महागाई भत्ता धरून थोडे अधिक. २०२८ चा हा दर २००७ च्या मजुरीच्या, २०२३ च्या भावाने मोजलेल्या किमतीशी जेमतेम बरोबरी करतो. जे गेले होते ते परत मिळवण्याला वाढ म्हणावे की भरपाई, हे वाचकाने स्वतः ठरवावे. मला ती भरपाईच वाटते, आणि तीही अपुरी.

नोकऱ्या का गेल्या, हा प्रश्न वेगळा ठेवावा

पगार जास्त होते आणि नोकऱ्या गेल्या ही दोन विधाने शेजारी ठेवली, म्हणजे पहिल्यामुळे दुसरे घडले असे सिद्ध होत नाही. अमेरिकेतील कारखानदारीत १९७९ मध्ये सुमारे १ कोटी ९५ लाख लोक होते. २०१० च्या सुरुवातीला ते सुमारे १ कोटी १५ लाख उरले. यातील मोठी घसरण २००० नंतरच्या दशकातील आहे. पगार हेच कारण असते, तर कमी पगाराचे आणि संघटना नसलेले उद्योग टिकायला हवे होते. झाले उलट. उत्तर आणि दक्षिण कॅरोलायनातील कापडगिरण्या व फर्निचरचे कारखाने यांत मजुरी डेट्रॉइटपेक्षा कितीतरी कमी होती, संघटना जवळजवळ नव्हत्या, आणि तिथल्या नोकऱ्या आयातीपुढे फार मोठ्या प्रमाणावर गेल्या. दुसरीकडे जर्मनीतील वाहन कामगारांची मजुरी अमेरिकेपेक्षा जास्त असूनही तो देश गाड्या निर्यात करत राहिला.

डेट्रॉइटच्या बाबतीत निरनिराळी कारणे वेगळी मोजावी लागतात: यंत्रमानव आणि स्वयंचलित यंत्रे, १९९४ च्या उत्तर अमेरिकी मुक्त व्यापार कराराने मेक्सिकोत गेलेले सुट्या भागांचे काम, आणि ओहायोतील मेरिसव्हिल, टेनेसीतील स्मर्ना यांसारख्या ठिकाणी १९८० च्या दशकात उभे राहिलेले जपानी कारखाने. या शेवटच्या प्रकारात नोकऱ्या देशाबाहेर गेल्याच नाहीत, फक्त मिशिगनमधून निघाल्या. शिवाय पेट्रोल महागल्यावर मोठ्या गाड्यांवरच विसंबून राहण्याचा निर्णय लाइनवरच्या माणसाने घेतला नव्हता. गाडीच्या एकूण खर्चात जुळणीच्या मजुरीचा वाटा त्या काळी दहाव्या हिश्शाच्या आसपास धरला जाई. राहिलेले नऊ हिस्से कोणाच्या निर्णयांनी ठरत होते, हे विचारावेच लागते.

कामगारांच्या बाजूचा दोषही मोजावा, नाहीतर तपासणी अपुरी राहते. काम नसलेल्या कामगारांना पगाराचा बराचसा भाग देत राहण्याची ‘जॉब्ज बँक’ नावाची तरतूद करारात होती आणि मंदीच्या काळात तिचे समर्थन करणे कठीण होते. २००९ मध्ये ती बंद झाली. मात्र तिची किंमत सगळ्या घसरणीच्या तुलनेत किती, हे पाहूनच तिला वजन द्यावे.

महाराष्ट्रातील पुरावा तर आपल्या दाराशी आहे. जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला. कंपनीने २०१७ मध्ये भारतात गाड्या विकणे थांबवले, कारखाना काही काळ निर्यातीसाठी चालला आणि डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन बंद झाले; पुढे तो ह्युंदाईने घेतला. तिथल्या कामगाराची मजुरी डेट्रॉइटच्या मजुरीचा अगदी लहानसा भाग होती, तरीही कारखाना बंद झाला आणि नुकसानभरपाईसाठी कामगारांना दीर्घकाळ झगडावे लागले. कमी पगारावर समाधान मानल्याने नोकरी सुरक्षित राहते असे सांगणाऱ्याला तळेगावचे काय, हे जरूर विचारावे.

लोकमत कशाशी तुलना करते, ते पाहावे

गॅलप या अमेरिकी जनमत संस्थेच्या पाहणीत २००९ मध्ये कामगार संघटनांना पसंती देणाऱ्या अमेरिकनांचे प्रमाण ४८ टक्क्यांवर आले. त्या पाहणीच्या इतिहासात ते प्रथमच निम्म्याखाली गेले होते. २०२३ मध्ये ते ६७ टक्के होते आणि त्या ऑगस्टमध्ये वाहन कामगार व कंपन्या यांच्यातील वादात ७५ टक्के लोक कामगारांच्या बाजूने होते. मधल्या काळात कामगार बदलले नव्हते. बदलली होती तुलना. २००८ मध्ये बेकारीच्या भीतीने ग्रासलेला माणूस शेजारच्या वाहन कामगाराकडे पाहत होता. २०२३ मध्ये तोच माणूस जनरल मोटर्सच्या प्रमुखांच्या सुमारे २ कोटी ९० लाख डॉलरच्या वार्षिक मोबदल्याकडे पाहत होता.

म्हणून दावा करणारा कामगाराची तुलना कोणाशी करतो, हे टिपून ठेवावे. डिसेंबर २००८ मध्ये सिनेटमधील मदत-प्रस्ताव अडला, तो कामगारांची मजुरी वर्षभरात जपानी कारखान्यांच्या पातळीवर आणण्याच्या अटीवरून. त्याआधी ऑक्टोबरमध्येच बँकांसाठी ७०० अब्ज डॉलरची योजना मंजूर झालेली होती आणि बँकांतील सामान्य कर्मचाऱ्याचा ताशी पगार कोणी चर्चेत आणला नव्हता.

सध्याचे करार ३० एप्रिल २०२८ रोजी संपतात. त्या वर्षाच्या सुरुवातीपासून नवे आकडे फिरू लागतील. तोवर तीन गोष्टी लिहून ठेवलेल्या असाव्यात: त्या दिवशीचा सुरुवातीचा आणि वरचा मूळ दर, २००७ च्या २८ डॉलरची त्या महिन्यातील किंमत, आणि कायम व तात्पुरत्या कामगारांचे प्रमाण. निवृत्तांचा खर्च धरून केलेला ताशी आकडा पुन्हा समोर आला, तर त्याला कोणत्या तासांनी भागले आहे, हे सांगणाऱ्यालाच विचारावे.