विधानसभा निवडणुकीची तयारी: मतदाराने आणि उमेदवाराने वेळेत करावयाची कामे

निवडणूक जाहीर झाली की तयारीला लागू, असे मतदारही म्हणतात आणि नवखे उमेदवारही. प्रत्यक्षात तोवर बराच उशीर झालेला असतो. अधिसूचना निघाल्यापासून साधारणपणे सातव्या दिवशी उमेदवारी अर्जांची मुदत संपते, दुसऱ्या दिवशी छाननी होते आणि त्यानंतर दोन दिवसांत माघारीची वेळही टळून जाते. शिवाय अर्ज भरण्याची मुदत संपल्यानंतर निवडणूक पार पडेपर्यंत मतदार यादीत नवे नाव घालता येत नाही. त्यामुळे यादीचे काम आधीच उरकून घेणे ही दोघांचीही पहिली गरज आहे.

ओळखपत्र खिशात असले तरी यादीत नाव नसेल तर मतदान करता येत नाही, ही गोष्ट पुष्कळांना थेट केंद्रावर कळते. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर किंवा आपल्या भागातील बीएलओकडे (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे) घरातील प्रत्येकाचे नाव स्वतंत्रपणे तपासावे आणि यादी भाग क्रमांक व अनुक्रमांक लिहून ठेवावा. चौकशीसाठी १९५० हा क्रमांक आहे. नाव नसल्यास नमुना ६ भरावा. पत्ता बदलला असेल, नावात वा वयात चूक असेल किंवा ओळखपत्र हरवले असेल, तर नमुना ८. लग्नानंतर सासरी गेलेल्या मुलींची आणि नोकरीसाठी गाव सोडलेल्यांची नावे हमखास जुन्या ठिकाणी राहतात. त्यांनी नवी नोंदणी न करता नमुना ८ द्वारे स्थलांतर करून घ्यावे, कारण एकाच व्यक्तीचे नाव दोन ठिकाणी असणे कायद्याला मान्य नाही. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या चार अर्हता दिनांकांपैकी ज्या दिनांकाला वयाची अठरा वर्षे पूर्ण होतात, त्यानुसार नोंदणी होते, आणि सतरा वर्षे पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्जही करता येतो.

घरपोच आलेली मतदार माहिती चिठ्ठी हा ओळखीचा पुरावा नाही. मतदार ओळखपत्र नसेल तर आधार, पॅन, पारपत्र, वाहन परवाना किंवा बँकेचे छायाचित्र असलेले पासबुक यांपैकी एक मूळ कागदपत्र न्यावे. बटण दाबल्यावर व्हीव्हीपॅटच्या (मताची छापील चिठ्ठी दाखवणाऱ्या यंत्राच्या) काचेआड चिठ्ठी सात सेकंद दिसते; ती वाचल्याशिवाय हलू नये. आपल्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेल्याचे आढळले, तर मुकाट्याने परतू नये: ओळख पटल्यास मतपत्रिकेवर प्रदत्त मत देण्याचा अधिकार आपल्याला आहे, आणि तो केंद्राध्यक्षांकडे आग्रहाने मागावा.

उमेदवारी करणाऱ्याचे वय पंचवीस वर्षे पूर्ण असावे लागते आणि त्याचे नाव राज्यातील कोणत्याही एका विधानसभा मतदारसंघाच्या यादीत असावे लागते. दुसऱ्या मतदारसंघातून लढणाऱ्याने आपल्या नोंदीची प्रमाणित प्रत आधीच मिळवावी. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक (अर्जावर त्याचे नाव सुचवून सही करणारा) पुरतो, तर अपक्षाला दहा लागतात, आणि ते सर्व त्याच मतदारसंघातील मतदार असले पाहिजेत. सूचकांचे क्रमांक चालू यादीशी स्वतः ताडून पाहावेत. हे काम कार्यकर्त्यांच्या भरवशावर सोडू नये, असे माझे ठाम मत आहे. अनामत रक्कम दहा हजार रुपये असून अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांसाठी ती पाच हजार आहे. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते न मिळाल्यास ती जप्त होते.

सर्वाधिक काळजी नमुना २६ मधील शपथपत्राची घ्यावी. त्यात गुन्हे, मालमत्ता, कर्जे आणि शिक्षण यांची माहिती द्यावी लागते, आणि लिहिण्यासारखे काही नसले तरी रकाना रिकामा न ठेवता 'निरंक' किंवा 'लागू नाही' असे नोंदवावे लागते. रकाने रिकामे ठेवून आणि सूचना मिळूनही ते न भरल्यास अर्ज फेटाळता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले आहे. थकबाकी नसल्याचे दाखले, मालमत्तेचे उतारे आणि खटल्यांचे तपशील गोळा करण्यास आठवडे लागतात, म्हणून ते अधिसूचनेच्या बरेच आधी हाती असावेत. अर्ज सकाळी अकरा ते दुपारी तीन या वेळेतच स्वीकारले जातात. पक्षाचा एबी फॉर्मही (हा आपला अधिकृत उमेदवार असल्याचे पक्षाचे पत्र) शेवटच्या दिवशी तीनच्या आत पोहोचावा लागतो, आणि राज्यघटनेशी निष्ठेची शपथ घेण्याचे काम छाननीच्या आदल्या दिवसापर्यंत आटोपावे लागते.

खर्चासाठी अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी स्वतंत्र बँक खाते उघडावे. महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवारासाठी २०२२ मध्ये चाळीस लाख रुपयांची मर्यादा ठरली असून तिच्यात अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंतचा खर्च मोजला जातो. निकालानंतर तीस दिवसांत हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे सादर करावा लागतो. हे बंधन पराभूत उमेदवारालाही आहे, आणि सबळ कारणाशिवाय ते न पाळणाऱ्यास आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो.