काखेतील केसतूड: ओळखताना आणि उपचार करताना या चुका टाळा

काखेत दुखरी गाठ आली की आपल्याकडे तिला सरसकट काखमांजरी म्हणून मोकळे होतात, आणि पहिली चूक तिथेच होते. केसाच्या मुळाशी झालेला साधा जंतुसंसर्ग, खोलवर पू साठलेले गळू, हातावरच्या जखमेमुळे आलेले अवधाण (काखेतील लसीकाग्रंथीची सूज) आणि वर्षानुवर्षे परतून येणारा एक चिवट त्वचाविकार, अशा चार निरनिराळ्या गोष्टी या एका नावाखाली खपून जातात. त्यांचे उपचार मात्र एकमेकांशी जुळत नाहीत.

म्हणून औषध शोधण्याआधी काख नीट पाहावी. आरशासमोर हात डोक्यावर घेऊन मोबाईलच्या टॉर्चचा उजेड तिरपा पाडला की बरेच काही दिसते. केसाच्या मुळाशी संसर्ग झाला असेल तर टाचणीच्या डोक्यापासून ज्वारीच्या दाण्याएवढा लालसर फोड, त्याच्या टोकाला पिवळट पू आणि बरोबर मधून वर आलेला एक केस, असे चित्र असते. संसर्ग मुळापासून खोल उतरला की केसतूड होते, म्हणजे कडक, गरम आणि ठसठसणारी गाठ; हात खाली टेकवणेही नको वाटते. अवधाणात वरची कातडी बहुधा नेहमीसारखीच असते, गाठ बोटाखाली सरकते आणि मूळ कारण बोटाला झालेल्या जखमेत किंवा मांजरीच्या ओरखड्यात सापडते. नवा डिओडरंट लावल्यानंतर सगळ्या काखेला खाज आणि आग सुटली, पण पुवाचे फोड नाहीत, तर तो बहुधा जंतुसंसर्ग नसून त्वचेला न मानवलेल्या पदार्थाचा परिणाम असतो. दाढीप्रमाणे काखेतही वस्तऱ्याने कापलेला केस वळून पुन्हा कातडीत घुसतो, तेव्हा येणारे पुरळ फोडांसारखे दिसले तरी त्यात जंतू असतीलच असे नाही.

दुसरी चूक हातांची आहे: फोड पिळणे. पू बाहेर येतो तेवढा आपल्याला दिसतो. पण त्याच दाबाने केसाच्या मुळाभोवतालची पातळ भिंत आतल्या बाजूने फुटली तर उरलेला पू खोल पसरतो आणि दोन दिवसांत बसला असता तो फोड सुपारीएवढ्या गळवापर्यंत जातो. त्याऐवजी स्वच्छ सुती कापडाची चौपदरी घडी सोसवेल इतक्या कोमट पाण्यात बुडवून, पिळून, १० ते १५ मिनिटे काखेत धरावी आणि असे दिवसातून तीन-चार वेळा करावे. तोंड पडायचे असेल तर ते आपोआप पडते. नंतर हात साबणाने धुवावेत आणि ते कापड पुन्हा कोणाच्याही अंगाला लावू नये.

हळद-चुन्याच्या लेपाबद्दल घरातील वडीलधाऱ्यांशी वाद होतो, तरी सांगायला हवे की चुना दाहक असतो आणि काखेच्या नाजूक, ओलसर कातडीला तो सहज पोळतो. टूथपेस्टचेही तसेच.

मात्र सर्वांत महागात पडणारी चूक मेडिकलच्या दुकानात होते. ‘काखेत पुरळ आलंय, काहीतरी द्या’ असे म्हटल्यावर अनेकदा स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असलेली ट्यूब हातात पडते. स्टेरॉइडमुळे लाली आणि खाज दोन दिवसांत उतरते, त्यामुळे औषध लागू पडले असे वाटते. प्रत्यक्षात संसर्ग आत चालूच राहतो. अशी ट्यूब आठवडेच्या आठवडे लावली तर काखेची कातडी पातळ होऊन तिच्यावर कायमचे चट्टे उमटतात. मोजके, उथळ फोड असतील तर बेंझॉइल पेरॉक्साइड या जंतुनाशकाचा वॉश मिनिट-दोन मिनिटे लावून धुऊन टाकणे पुष्कळदा पुरते. डॉक्टरांनी सांगितल्यास म्युपिरोसिन या प्रतिजैविकाचे मलम लावावे. बेंझॉइल पेरॉक्साइडने कपड्यांचा रंग उडतो, हे मात्र गडद ब्लाउज घालण्यापूर्वी लक्षात ठेवावे.

कपाटात उरलेल्या अँटिबायोटिकच्या चार गोळ्या घेणे हीसुद्धा तशीच चूक होय. या फोडांमागे बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू असतो आणि त्याच्या काही जाती नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत. शिवाय पुवाची पिशवी तयार झाल्यावर गोळ्यांचा परिणाम तिच्यात पुरेसा पोहोचत नाही. तिथे डॉक्टरांनी छेद देऊन पू काढणे हाच खरा उपचार असतो. लालीच्या कडेने पेनाने रेघ ओढून ठेवावी. लाली त्या रेघेबाहेर सरकली, ताप आला, काखेतून लाल पट्टे निघाले किंवा मधुमेह असेल, तर घरी शेकत बसू नये. न दुखणारी, टणक, दोन-तीन आठवड्यांतही न उतरणारी गाठ असेल तर तिला शेक देण्याचा प्रश्नच नाही. क्षयरोगापासून स्तनाच्या कर्करोगापर्यंतची कारणे तपासावी लागतात.

शेवटची चूक सर्वांत लांबते: परतून येणाऱ्या गाठींना प्रत्येक वेळी नुसते केसतूड समजणे. सहा महिन्यांत दोन किंवा अधिक वेळा गाठी आल्या, त्या जांघेतही येऊ लागल्या, जोडीजोडीने जवळ असलेले काळे ठिपके आणि दोरीसारखे व्रण दिसू लागले, तर तो नुसता केसतुडाचा त्रास नसून हायड्राडेनायटिस सप्युरेटिव्हा, म्हणजे सुरुवातीला सांगितलेला चिवट त्वचाविकार, असू शकतो. १८५४ मध्ये फ्रेंच शल्यविशारद व्हर्नेय यांनी त्याचा संबंध घामाच्या ग्रंथींशी जोडला आणि त्यावरून पडलेले नाव तसेच चिकटले; आता मात्र त्याची सुरुवात केसाचे मूळ बुजण्यापासून होते असे मानले जाते. तो अस्वच्छतेमुळे होत नाही आणि एकाचा दुसऱ्याला लागतही नाही, तरीही रुग्ण लाजेपोटी काख घासघासून आणखी सोलवटून घेतात आणि योग्य निदानापर्यंत पोहोचायला कित्येक वर्षे घालवतात. अशा वेळी त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे, रक्तातील साखर तपासून घ्यावी आणि धूम्रपान चालू असेल तर तेही सांगावे.

साधा संसर्ग बरा होईपर्यंत वस्तरा आणि वॅक्सिंग पूर्ण बंद ठेवावे. नंतरही केस काढायचेच असतील तर ट्रिमरने थोडे आखूड करावेत, कातडीपर्यंत भादरू नयेत. ब्लेड आणि टॉवेल प्रत्येकाचा वेगळा असावा. न्हाणीघरात सगळ्यांसाठी मिळून टांगलेला तो एक ओला पंचा आधी गरम पाण्यात धुवायला टाकावा.