खरपुडीचं शास्त्रीय नाव वाचताना या चुका टाळा

पावसाळा लागला की ग्रुपवर खरपुडीचे, म्हणजे कंदिलासारखं फूल येणाऱ्या सेरोपेजिया या रानटी झाडांचे, फोटो यायला लागतात आणि खाली तेच चुकीचं ज्ञान, दरवर्षी!

सगळ्यात चीड येते 'सेरोपेजिया महाबळेई'ची. महाबळेश्वरची खरपुडी म्हणून बिनधास्त ठोकून देतात. अहो, ते नाव पुण्याचे वनस्पतीशास्त्रज्ञ प्रा. महाबळे यांच्यावरून दिलंय, गावाचा काही संबंध नाही त्यात. मागे एका ट्रेक ग्रुपने या नावाच्या भरवशावर ऐन ऑगस्टमध्ये महाबळेश्वर गाठलं, दिवसभर धो धो पावसात कडे पालथे घातले आणि संध्याकाळी मला फोन, दादा, नक्की कुठल्या पॉइंटला असते हो ती? निघायच्या आधी विचारलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं, पण नवीन लोकांना दम नसतो, फोटो आधी हवा.

इंग्रजी स्पेलिंगमध्ये नावाच्या शेवटी 'आय' (i) किंवा डबल 'आय' (ii) असला की बहुतेक वेळा माणूस, 'एन्सिस' असलं की जागा. म्हणून पाचगणीची ती पंचगणिएन्सिस. ह्युबेरी ही ह्युबर यांच्या नावाची, ज्यांनी १९५७ साली या अख्ख्या जीनसची, म्हणजे सेरोपेजियाच्या सगळ्या जातींच्या गटाची, नव्याने मांडणी केली. आणि लॉई म्हणजे कायदा नव्हे, लॉ नावाचे मुंबई इलाख्यातले सनदी अधिकारी होते, झाडांचे नादिष्ट. मी तरी नवीन नाव दिसलं की आधी शेवट बघतो, मग कुणावरून ठेवलंय ते शोधतो, अर्थाचं नंतर.

'सेरोपेजिया म्हणजे कंदील' हेही चूक. कंदीलफूल हे आपलं मराठी नाव, आकारावरून पडलेलं. ग्रीकमध्ये केरोस म्हणजे मेण, पेगे म्हणजे झरा, म्हणजे मेणाचा झरा. झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५३ च्या ग्रंथात एका जातीला कँडेलाब्रम म्हटलंय, म्हणजे मेणबत्त्या लावायचा स्टँड, आणि लोक हे सगळं एकत्र कालवतात.

फूल माश्या खातं? अजिबात नाही. नळीतल्या केसांमुळे माशी आत अडकते, नंतर केस सुकले की परागांचे पुंजके घेऊन बाहेर पडते.

आणि ओळख पटवायला कंद उकरायचा शॉर्टकट तर कृपा करून नको, झाडच जातं त्याने. फूल उमललेलं नसेल तर आठवड्याने परत जा.