भाड्याच्या घरात कुबट वास येतोय? ब्रश उचलण्याआधी या चुका टाळा

मुंबई-ठाण्यात, कोकणात जुलैमध्ये घराला थोडा कुबट वास येणारच. पण तो एकाच कोपऱ्यात, एकाच कपाटात जास्त येत असेल आणि पावसाने चार दिवस उघडीप दिली तरी जात नसेल, तर आड कुठेतरी बुरशी आहे असं धरून शोधायला लागा. डांबरगोळ्या आणि रूम फ्रेशनर टाकून महिनाभर नाकाची समजूत काढत बसणं ही सर्रास होणारी चूक.

दुसरी चूक म्हणजे डाग शोधणं आणि पाणी विसरणं. ओल्या प्लायवर, पुठ्ठ्यावर बुरशी एक-दोन दिवसांत धरू लागते; म्हणून पाणी येतं कुठून हे आधी ठरवा. डाग फक्त जून ते सप्टेंबर पसरत असेल तर संशय गच्चीवर किंवा बाहेरच्या भिंतीवर. नैऋत्येचा पाऊस पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंती झोडपतो, आणि एसीच्या पाइपसाठी पाडलेलं भोक नीट बुजवलेलं नसेल तर तिथूनही पाणी शिरतं. डिसेंबरातही भिंत ओली लागली, तर वरच्या मजल्यावरचा न्हाणी ट्रॅप (बाथरूमच्या फरशीतली पाणी जाण्याची जाळी-कुंडी) किंवा भिंतीतला पाइप बघायला हवा. वरच्यांनी सहकार्य केलं तर प्लंबर ट्रॅप बंद करून तिथे रंगीत पाणी तुंबवून ठेवतो. खाली रंग उतरला की ‘आमच्याकडून गळतच नाही’ हा वाद मिटतो.

घरच्या घरी करता येईल अशीही एक चाचणी आहे. ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा चारही कडांना चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवा आणि एक-दोन दिवसांनी काढा. भिंतीकडची बाजू ओली असेल तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला दव असेल तर दोष दमट हवेचा.

बघायच्या जागा: बाथरूमच्या भिंतीला टेकलेल्या कपाटाची मागची फळी, सिंकखालची ट्रॉली, बॉक्स बेडचा तळ, पीओपी सीलिंगमधली दिव्याची भोकं. भिंतीवरची पांढरी पूड म्हणजे बुरशीच असं नाही. पाण्यात विरघळली तर तो लोणा, म्हणजे ओलीबरोबर भिंतीतून बाहेर आलेले क्षार. ओल मात्र तिथेही आहेच.

भाडेकरूला सगळ्यात महागात पडते ती घाईची साफसफाई. भिंत पुसली की पुरावा गेला, आणि घर सोडताना ‘तुम्हीच खिडक्या बंद ठेवल्या’ म्हणून डिपॉझिट कापलं जातं. आधी तारखेसह फोटो काढा, मग घरमालकाला लेखी कळवा; फोनवरचं ‘बघतो’ नंतर कामाला येत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे, करारात वेगळं ठरलं नसेल तर दुरुस्ती घरमालकाने करायची असते. नोटीस दिल्यावर १५ दिवसांत ती झाली नाही, तर भाडेकरू स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, तोही वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. पण ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा सहसा ‘भाडेकरू’ धरला जात नाही. त्याने करारातलं दुरुस्तीचं कलम वाचावं, परस्पर भाडं कापू नये. गच्चीची किंवा बाहेरच्या सामाईक पाइपची गळती असेल तर गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार (नमुना नियमांनुसार) तो खर्च सोसायटीचा. तक्रार मात्र सभासद म्हणून घरमालकाकडूनच जाऊ द्या.

साफ करताना कोरड्या ब्रशने खरवडू नका, बुरशीचे कण घरभर उडतात. पंखा बंद, एन-९५ मास्क, हातमोजे, साबणाचं पाणी. ब्लीच आणि टॉयलेट क्लीनर एकत्र करू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो. दमा असलेल्या माणसाने या कामात पडूच नये. फुगलेला प्लाय आणि बुरशी लागलेली गादी धुऊन वाचत नाही, टाकून द्या. आणि भर पावसात ‘हवा खेळू दे’ म्हणून दिवसभर खिडक्या उघड्या ठेवल्या तर बाहेरची दमट हवा आत येते; त्यापेक्षा एक्झॉस्ट किंवा एसीचा ड्राय मोड बरा.

यानंतर घरमालक बहुधा पुट्टी आणि रंगाचा डबा देऊन माणूस पाठवेल. गळती बंद होऊन भिंत सुकलेली नसेल तर त्याला परत पाठवा, नाहीतर दिवाळीआधीच पोपडे धरतील.