मन्रो घराण्याच्या पाच पिढ्या घरबसल्या कशा अभ्यासायच्या

लंडनच्या बेथलेम या मनोरुग्णांच्या हॉस्पिटलात १७२८ पासून पुढची साधारण सव्वाशे वर्षं मुख्य डॉक्टरची जागा एकाच घरात राहिली. आधी जेम्स मन्रो, मग त्यांचा मुलगा जॉन, मग नातू थॉमस, मग पणतू एडवर्ड थॉमस. पाचव्या पिढीतला हेन्रीसुद्धा मनोरुग्णांचाच डॉक्टर झाला, फक्त दुसऱ्या हॉस्पिटलात. मानसिक आजारावर इलाज करणारं इतकं लांबलेलं आणि इतके कागद मागे ठेवून गेलेलं दुसरं घराणं माझ्या तरी पाहण्यात नाही. सायकॉलॉजीवाले, एमएसडब्ल्यू करणारी मुलं आणि ज्यांच्या घरात पेशंट आहे असे लोक, सगळ्यांनीच हा इतिहास एकदा नीट वाचावा असं मला मनापासून वाटतं, म्हणून कुठून सुरुवात करायची, काय शोधायचं आणि कुठे फसायला होतं ते सगळं इथे लिहून ठेवतोय.

आधी नावांचा घोळ मिटवून घ्या नाहीतर पहिल्याच दिवशी भलत्या माणसाच्या मागे लागाल. मराठीत ‘थॉमस मन्रो’ टाइप केलंत की समोर येतो तो मद्रासचा गव्हर्नर, रयतवारीवाला, जो आपल्याला शाळेपासून माहीत असतो. तो १७६१ चा आणि आपला डॉक्टर थॉमस १७५९ चा, म्हणजे काळही तोच, त्यामुळे नुसतं साल बघून फरक कळत नाही. इंग्रजी स्पेलिंग बघा, गव्हर्नरच्या नावात एमनंतर यू आहे, डॉक्टरांच्या नावात ओ. दुसरा घोळ एडिंबराचा, तिथे अलेक्झांडर मन्रो नावाचे लागोपाठ तीन शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक झाले, आजोबा, बाप आणि नातू, स्पेलिंगही ओवालंच, आणि त्यात भर म्हणजे आपल्या जेम्सच्या वडिलांचं नावही अलेक्झांडरच, तेही एडिंबरा विद्यापीठाचे प्रमुख होते. म्हणून सर्च करताना मन्रोच्या जोडीला बेथलेम हा शब्द टाकायचाच.

जुनी पुस्तकं वेलकम कलेक्शन आणि इंटरनेट अर्काइव्ह या दोन साइटवर फुकट वाचायला मिळतात, बरीचशी स्कॅन केलेली आहेत. अठराव्या शतकातल्या छपाईत शब्दाच्या सुरुवातीला किंवा मधे येणारं एस हे अक्षर एफसारखं दिसतं आणि कॉम्प्युटरही ते बऱ्याचदा एफच समजतो. त्यामुळे पुस्तकात एखादा शब्द शोधून सापडला नाही तर एसच्या जागी एफ टाकून परत शोधा, लगेच दहा ठिकाणी मिळतो. आणि १७५२ च्या आधीच्या इंग्लंडमधल्या तारखा वाचताना जपून, तेव्हा नवं वर्ष २५ मार्चला लागायचं, म्हणजे १७३८ चा फेब्रुवारी लिहिलेला असेल तर आपल्या हिशोबाने तो १७३९ चाही असू शकतो.

आता मुख्य गोष्ट. वाचताना एक नियम पाळा, प्रत्येक पिढीसाठी एक कागद डॉक्टरचा घ्यायचा आणि एक कागद पेशंटचा किंवा पेशंटच्या बाजूने बोलणाऱ्याचा. वहीचं पान उभं दोन भागात दुमडा, डावीकडे डॉक्टर काय म्हणतो ते, उजवीकडे त्याच काळात पेशंटच्या अंगावर काय चाललं होतं ते. नुसती डावी बाजू वाचली तर हे घराणं विद्वान, ऑक्सफर्डला शिकलेलं, कलेची जाण असलेलं दिसतं, आणि ते खोटं नाही, पण अर्धंच आहे.

जेम्सपासून सुरुवात करा. त्यांनी स्वतः लिहिलेलं फारसं काही नाही, त्यामुळे इथे उजवी बाजूच जड आहे. अलेक्झांडर क्रूडन नावाचा एक माणूस, ज्याने १७३७ मध्ये बायबलची प्रचंड मोठी शब्दसूची छापली होती, त्याला १७३८ मध्ये बेथनल ग्रीनच्या एका खाजगी वेड्यांच्या घरात कोंडलं, पलंगाला साखळीने बांधलं, आणि इलाज करणारे डॉक्टर होते जेम्स मन्रो. क्रूडनने पलंगाचा पाय कापला आणि साखळीसकट पळ काढला, नंतर मन्रोंसह सगळ्यांवर कोर्टात केस केली, केस हरला, पण १७३९ मध्ये स्वतःची सगळी हकिकत छापून काढली. ती वाचा. त्याची मनःस्थिती खरंच बिघडलेली होती का यावर लोक आजही वाद घालतात, मला तो वाद महत्त्वाचा वाटत नाही, बांधलेल्या माणसाने काय पाहिलं हे त्याच्याच शब्दांत आपल्याला मिळतं हे महत्त्वाचं.

जॉनसाठी दोन छोटी पुस्तकं एकदम उघडून वाचायची, दोन्ही १७५८ ची. पहिलं विल्यम बॅटी यांचं. हे सेंट ल्यूक्स हॉस्पिटलचे डॉक्टर, ते हॉस्पिटल १७५१ मध्ये बेथलेमला पर्याय म्हणून निघालं, आणि बॅटी तिथे विद्यार्थ्यांना पेशंट दाखवून शिकवायचे, जे बेथलेममध्ये होत नव्हतं. बॅटींचं म्हणणं असं की वेडाचे प्रकार वेगवेगळे, सगळ्यांना एकच इलाज लावू नका, आणि औषधापेक्षा पेशंटला कसं सांभाळता त्याने जास्त फरक पडतो. यात जेम्स मन्रोंच्या काळातल्या पद्धतीला टोला होता, तो जॉनना लागला, आणि त्याच वर्षी त्यांनी उत्तराचं पुस्तक काढलं. त्यात ते म्हणतात की हा आजारच असा आहे की त्याबद्दल खरं उपयोगाचं फार थोडं सांगता येतं, आणि उलटी करवणं हा सगळ्यात चांगला उपाय. म्हणजे कारण कळणार नाही असं एका हाताने लिहायचं आणि दुसऱ्या हाताने एका ठरलेल्या उपायावर ठाम राहायचं, हे बघा आणि वहीत लिहून ठेवा कारण पुढच्या पिढीत हेच परत येणार आहे. वडिलांचा मान राखण्यासाठी लिहिलेलं पुस्तक म्हणून ते वाचलं तर बरंच काही उलगडतं.

जॉनची १७६६ ची एक केसबुकही टिकून राहिली आहे, खाजगी पेशंटच्या नोंदींची, ती २००३ मध्ये छापून आली. ती जरूर मिळवा, मोठ्या लायब्ररीतून मागवता येईल. पेशंट काय बोलतो, घरच्यांनी काय सांगितलं, कधीपासून बिघडलं, अशा छोट्या नोंदी आहेत, आणि इथे डॉक्टर म्हणून माणूस जास्त मोकळा दिसतो, वादाच्या पुस्तकातल्यापेक्षा कितीतरी. बेथलेमचा पगार मामुली होता, खरी कमाई या खाजगी प्रॅक्टिसवर आणि हॅकनीच्या ब्रूक हाऊससारख्या खाजगी घरांवर चालायची. हे ध्यानात ठेवा, कारण सरकारी म्हणा धर्मादाय म्हणा, हॉस्पिटलात आठवड्यातून किती वेळा फेरी मारायची हा प्रश्न त्यातूनच आला.

सगळ्यात जास्त वेळ थॉमसला द्या. मी तर म्हणेन बाकी काहीच वाचायला जमलं नाही तर १८१५ च्या संसदीय समितीपुढची त्यांची साक्ष तेवढी वाचा, समितीचा रिपोर्ट गुगल बुक्सवर मिळतो. त्याची पार्श्वभूमी अशी, १८१४ मध्ये एडवर्ड वेकफील्ड नावाचे सुधारक बेथलेम बघायला गेले आणि तिथे त्यांना जेम्स नॉरिस नावाचा अमेरिकन खलाशी सापडला (वर्तमानपत्रांनी त्याला विल्यम केलं, दोन्ही नावं शोधा). गळ्यात लोखंडी कडं, कड्याची आखूड साखळी भिंतीलगतच्या उभ्या लोखंडी दांड्यावरच्या रिंगला अडकवलेली, कमरेला आणि खांद्यावरून लोखंडी पट्टे, दोन्ही दंड त्यात जखडलेले, म्हणजे उभं राहायचं किंवा आडवं व्हायचं, बाकी हालचाल नाही. नऊ वर्षांहून जास्त काळ तो असा होता. आणि वेकफील्डसोबत गेलेल्यांशी तो पेपरबद्दल, राजकारणाबद्दल नीट बोलत होता. त्याचं चित्र काढून छापलं गेलं, ते नेटवर सहज मिळतं.

आता साक्ष. थॉमसना विचारलं इलाज काय करता, तर त्यांनी सांगितलं की मेच्या शेवटाला, हवामान बघून, पेशंटचं रक्त काढतो, त्यानंतर काही आठवडे दर आठवड्याला उलटीचं औषध, त्यानंतर जुलाबाचं. सगळ्यांना, एकाच वेळी. का, तर ही पद्धत माझ्या कितीतरी आधीपासून चालत आलेली आहे, वडिलांकडून माझ्याकडे आली, याहून चांगली मला माहीत नाही. हे वाक्य मूळ इंग्रजीत शोधून वहीत उतरवून घ्याच. पुढे बेड्यांबद्दल विचारलं तेव्हा म्हणाले की बेड्या गरीब वेड्यांनाच ठीक, सभ्य माणसाला घातल्या तर त्याला आवडायचं नाही, आणि स्वतःच्या खाजगी घरात नोकर भरपूर असल्याने तशी गरजच पडत नाही. म्हणजे बेड्यांशिवाय माणूस सांभाळता येतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं! हे वाचून मला राग येतो आणि यायलाच पाहिजे, पण राग आल्यावर पुस्तक मिटू नका, पुढचे प्रश्नही वाचा, कारण हॉस्पिटलच्या कारभाऱ्यांनी, केअरटेकरनी, औषधवाल्या जॉन हॅसलमने एकमेकांकडे कशी बोटं दाखवली ते तिथेच कळतं. १८१६ मध्ये थॉमसना जागा सोडावी लागली, हॅसलमला काढलं. हॅसलमविरुद्ध पुरावा म्हणून कोणाच्या नोंदी कामी आल्या, तर जेम्स टिली मॅथ्यूज या त्याच्याच पेशंटच्या, ज्याच्या भ्रमांवर हॅसलमने १८१० मध्ये अख्खं पुस्तक छापलं होतं. त्याच मॅथ्यूजने नव्या बेथलेमच्या इमारतीचे नकाशेही काढून दिले होते.

थॉमसची दुसरी बाजूही लिहा, प्रामाणिकपणे. त्यांच्या घरी संध्याकाळी तरुण चित्रकार जमायचे, टर्नर आणि गर्टिन त्यातले, त्यांना थोडे पैसे आणि जेवण मिळायचं आणि ते बसून दुसऱ्यांच्या चित्रांच्या नकला करायचे. ती चित्रं बरीचशी जॉन रॉबर्ट कोझेन्सची, आणि कोझेन्स १७९४ पासून मरेपर्यंत मन्रोंचाच पेशंट होता. एकाच डॉक्टरच्या हाताखाली एक पेशंट सांभाळला जातो, त्याची कला जपली जाते, आणि दुसरा लोखंडात जखडलेला राहतो. दोघांत फरक ओळखीचा आणि पैशाचा होता, आजाराचा नव्हे, असं माझं मत, तुमचं वेगळं होऊ शकतं.

याच्या जोडीला यॉर्कचं ट्यूक घराणं थोडक्यात वाचून घ्या. विल्यम ट्यूक चहाचे व्यापारी, क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे, डॉक्टर नाहीत. १७९० मध्ये हॅना मिल्स नावाची त्यांच्या पंथातली बाई यॉर्कच्या वेड्यांच्या हॉस्पिटलात वारली, भेटायलाही कोणाला सोडलं नव्हतं, त्यातून १७९६ मध्ये यॉर्क रिट्रीट सुरू झालं, जिथे साखळ्या नव्हत्या, काम, जेवण, बागेत फिरणं आणि माणसासारखं वागवणं होतं. नातू सॅम्युएलने १८१३ मध्ये त्याचं वर्णन छापलं, आणि त्याचा मुलगा डॅनियल हॅक ट्यूक त्या घरातून पुढे मनोविकारांचा नामवंत डॉक्टर झाला. दोन घराणी, काळ तोच, एकाला जागा वारशाने मिळाली आणि दुसऱ्याने एका मृत्यूमुळे प्रश्न विचारला.

आपल्याकडेही ‘त्यांच्या घरात सात पिढ्या हेच औषध देतात’ असं सांगणारे नातेवाईक भेटतात, आणि घरात पेशंट असला की माणूस कुठेही जायला तयार होतो, ते मी समजू शकतो. पण तिथे जाऊन विचारायचे प्रश्न या साक्षीतूनच घ्या, औषधात काय आहे, सगळ्यांना एकच देता की माणूस बघून, आजोबांच्या वेळेपासून काय बदललंत, बरं न झालेल्यांची नोंद आहे का, रात्री पेशंट कुठे झोपतो ते दाखवाल का, मी न सांगता भेटायला आलो तर चालेल का. शेवटच्या दोन प्रश्नांना नाही म्हणाले तर पेशंटला घेऊन घरी या. तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ ला आग लागली तेव्हा साखळीने बांधलेले मनोरुग्ण पळू शकले नाहीत, २८ जण गेले. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातल्या कलम ९५ प्रमाणे पेशंटला कुठल्याही प्रकारे साखळीने बांधायला बंदी आहे, घराणं कितीही जुनं असलं तरी.

एडवर्ड थॉमस हे चौथे, १८१६ मध्ये वडिलांनी सोडली त्याच जागी मुलगा आला, हे तेव्हाही चाललं. त्यांच्यासाठी १८४३ चा मॅकनॉटनवरचा खुनाचा खटला बघा, आरोपी वेडा होता अशी साक्ष त्यांनी दिली आणि वेडेपणाच्या बचावाचे जे नियम पुढे आपल्या दंड संहितेतही आले त्यांची सुरुवात तिथली. बेथलेममधला त्यांचा कारभार मात्र १८५१ च्या चौकशीत टिकला नाही, १८५२ मध्ये विल्यम हूड हे तिथेच राहणारे डॉक्टर नेमले गेले आणि घराण्याचा बेथलेमवरचा हक्क संपला. हेन्री, पाचवे, सेंट ल्यूक्सला गेले, म्हणजे पणजोबा ज्यांच्याशी भांडले त्या बॅटींच्या हॉस्पिटलात, आणि १८६४ मध्ये मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेचे अध्यक्षही झाले.

कोणी लंडनला जाणार असेल तर दोन ठिकाणं. १८१५ ची बेथलेमची इमारत आज इम्पीरियल वॉर म्युझियम आहे, तिथे आत तोफा आणि विमानं. आणि आत्ताचं हॉस्पिटल बेकनहॅमजवळ, त्याच्या आवारात म्युझियम ऑफ द माइंड, जुन्या गेटवरचे सिबरने घडवलेले दोन पुतळे तिथे आहेत, एक साखळदंडातला आणि एक खिन्न. जायच्या आधी उघडण्याचे वार साइटवर बघून घ्या.

आणि हूडच्या काळात हेन्री हेरिंगने काढलेले बेथलेमच्या पेशंटचे फोटो तुम्हाला नेटवर सगळीकडे दिसतील, बहुतेक वेळा नाव नसलेले, खाली ‘वेडी बाई’ वगैरे लिहिलेले. शेअर करायचा मोह झाला तर आधी त्या माणसाचं नाव आणि केसबुकातली नोंद शोधा, फाइंडमायपास्ट या जुन्या नोंदींच्या साइटवर बेथलेमची रजिस्टरं आणि केसबुकं चढवलेली आहेत, ती पैसे भरून बघता येतात, अनेकांची नोंद सापडते आणि कितीतरी जण बरे होऊन घरी गेल्याचंही तिथे लिहिलेलं असतं.